लिटरमागे दोन मिलिग्रॅम



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते रसायनशास्त्राचे शिक्षक होते, तेव्हा विषय रसायनाचाच असावा असं संयोजकांनी सुचवलं. रसायनातलं नेमकं काय, हे मात्र माझ्यावर सोपवलं. अशा व्यासपीठावरून हल्ली बॅटऱ्या, नवी औषधं, नॅनोकण यांवर बोलायची पद्धत आहे. मी बारावीच्या प्रयोगशाळेतली एक परीक्षानळी घेऊन आलो आहे. कोणाचा हिरमोड झाला असेल तर माफी असावी.

नळीत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आहे, पाण्यासारखं स्वच्छ. त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडला की थेंब पडेल तिथे दुधी ढग उठतो. आणखी दोन-चार थेंब टाकून नळी जोरानं हलवली की तो ढग फाटतो, त्याच्या गुठळ्या होतात, त्या तळाला जातात आणि वरचं पाणी पुन्हा स्वच्छ होतं. पुस्तकात त्याला ‘दह्यासारखा पांढरा अवक्षेप’ म्हणतात, आणि मुलं प्रयोगवहीत तेच उतरवतात. पुढे एक ओळ असते: सिल्व्हर क्लोराइड पाण्यात अविद्राव्य आहे.

आज मला या एका ओळीवरच बोलायचं आहे, कारण ती पूर्ण खरी नाही. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे १.९ मिलिग्रॅम सिल्व्हर क्लोराइड विरघळतं. सोयीसाठी आपण दोन धरू. उकळत्या पाण्यात तर हा आकडा एकवीसच्या आसपास जातो. या दोन मिलिग्रॅमकडे काणाडोळा करून बारावी सुखरूप पास होता येतं. टांकसाळीत काणाडोळा केला तर हिशेब चुकतो, आणि अणुभार काढायला बसलात तर सगळंच चुकतं. या अवक्षेपावर गेल्या दोन शतकांत जे मोलाचं काम झालं, ते तळाशी बसलेल्या साक्याइतकंच वरच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याकडे पाहणाऱ्यांनी केलं, असं माझं मत आहे.

पण आधी आम्लांची बाजू नीट समजून घेऊ. चांदीचं द्रावण आणि आम्ल एकत्र आले की अवक्षेप पडतो, असा एक सरधोपट समज असतो. तो करून पाहिल्याशिवाय जात नाही. नायट्रिक आम्ल घाला, काही होत नाही. चांदी विरघळवायला आपण तेच वापरलेलं असतं. सोनारांच्या पेढीमागे ज्याला तेजाब म्हणतात ते हेच. सल्फ्युरिक आम्ल घाला. सिल्व्हर सल्फेट लिटरमागे आठेक ग्रॅम विरघळतं, त्यामुळे विरल द्रावणात शांतता, आणि द्रावण गाढ असेल तर बारीक पांढरे स्फटिक. ॲसेटिक आम्लाचीही साधारण हीच तऱ्हा. हायड्रोफ्लुओरिक आम्लाला काचेच्या नळीत जागाच नाही, ते काच खातं. पण प्लास्टिकच्या भांड्यात घातलं तरी साका पडणार नाही. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या तिघांच्या शेजारी आवर्तसारणीत बसणारं फ्लुओराइड चांदीशी मात्र अगदी उलट वागतं: सिल्व्हर फ्लुओराइड लिटरभर पाण्यात किलोच्या वर विरघळतं. एकाच कुटुंबातल्या भावंडांत एवढं अंतर क्वचित दिसतं. फ्लुओराइड आयन लहान, पाणी त्याला घट्ट धरून ठेवतं. क्लोराइडपासून आयोडाइडपर्यंत आयन मोठे होत जातात आणि चांदीशी त्यांचा बंध अधिकाधिक जवळकीचा होतो. म्हणून क्लोराइडपेक्षा ब्रोमाइड कमी विरघळतं आणि ब्रोमाइडपेक्षा आयोडाइड तर फारच कमी.

खरी गंमत फॉस्फोरिक आम्लाची आहे. सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडियम फॉस्फेट घातलं तर हळदीसारखा पिवळा अवक्षेप पडतो. सिल्व्हर फॉस्फेट पाण्यात अगदीच थोडं विरघळतं. त्याच द्रावणात फॉस्फेटऐवजी फॉस्फोरिक आम्ल ओता: पिवळं काही दिसत नाही. दोन्हींत फॉस्फेटच आहे ना? आहे, पण आम्लात ते मोकळं नाही. फॉस्फेट आयनावर हायड्रोजनची पकड मजबूत असते. आजूबाजूला आम्ल असलं की तो हायड्रोजनला चिकटून बसतो आणि चांदीच्या वाट्याला येतच नाही. आधी पडलेल्या पिवळ्या साक्यावर नायट्रिक आम्ल घातलं तर तोसुद्धा विरघळून जातो. कार्बोनेट, ऑक्झलेट, क्रोमेट यांची गत तीच. क्लोराइडवर हायड्रोजनची अशी काहीच सत्ता नाही, कारण हायड्रोक्लोरिक हे तगडं आम्ल. पाण्यात पडलं की त्याचे दोन्ही भाग सुटे होतात आणि क्लोराइड चांदीला मोकळं सापडतं.

क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात सिल्व्हर नायट्रेट घालण्याआधी विरल नायट्रिक आम्ल घालायला सांगतात, त्यामागचं कारण हे. आम्लामुळे बाकीचे दावेदार बाद होतात आणि क्लोराइडचं कुटुंब मागे उरतं. मुलं ही पायरी पाठ करतात आणि निम्मी विसरतात. मग मिठाच्या नावाखाली कार्बोनेट पकडून आणतात. अपवादही आहेतच. हायड्रोजन सल्फाइड हे अगदी दुबळं आम्ल, पण सिल्व्हर सल्फाइड इतकं कमी विरघळतं की आम्लाची पर्वा न करता काळा साका पडतोच. देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात ती याच सल्फाइडनं.

आता टांकसाळीकडे वळू. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये एक जुनी अडचण फार त्रास देऊ लागली होती. चांदीचा कस पाहायची तेव्हाची पद्धत आगीची होती. नमुना शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या कटोरीत वितळवायचा. शिसं आणि तांबं यांची ऑक्साइडं होऊन राखेत मुरतात आणि मागे चांदीचा मणी उरतो, तो तोलायचा. पद्धत शतकानुशतकं चालत आलेली, हात बसलेले, माणसं तयार. पण आगीत थोडी चांदी वाफेनं जाते आणि थोडी राखेत शोषली जाते. फ्रेंच नाण्याचा कस हजारी ९००. आगीची परीक्षा तो हजारी चारच्या आसपास कमी दाखवायची. म्हणजे नाणं नियमाप्रमाणे ९०० ‘दिसावं’ म्हणून टांकसाळ प्रत्येक नाण्यात जास्तीची चांदी घालत होती. लाखो नाण्यांवर हा तोटा किती होईल, हे तिजोरी सांभाळणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

जोसेफ लुई गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाची १८२९मध्ये पॅरिसला मौल्यवान धातूंच्या कसाची हमी देणाऱ्या कचेरीत प्रमुख परीक्षक म्हणून नेमणूक झाली. वायूंच्या नियमांमुळे आपण त्याला ओळखतो. माझ्या मते त्याचं सगळ्यात देखणं काम हे नंतरचं, १८३२मध्ये त्यानं छापलेली पाण्यानं कस पाहण्याची पद्धत. आग नाही, तराजूही फक्त सुरुवातीला एकदाच.

ती जरा सावकाश पाहू. मिठाचं एक प्रमाणित द्रावण करून ठेवायचं, असं की त्याचे १०० घनसेंटिमीटर बरोबर १ ग्रॅम चांदी खाली बसवतील. हिशेबानं लिटरमागे सुमारे ५.४२ ग्रॅम मीठ लागतं. तेच द्रावण पाण्यानं दहापट पातळ करून दुसरं तयार करायचं. त्याचा १ घनसेंटिमीटर १ मिलिग्रॅम चांदी खाली आणतो. नाण्याचा तुकडा असा तोलायचा की त्यात अंदाजे एक ग्रॅम चांदी असेल. तो काचेच्या बाटलीत नायट्रिक आम्लात विरघळवायचा. तांब्यामुळे द्रावण निळसर होतं. मग पिपेटनं १०० घनसेंटिमीटर मिठाचं पाणी एकदम सोडायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली हलवायची. थोडी नाही, चांगली काही मिनिटं. ताक घुसळताना लोणी गोळा व्हावं तसं दुधी पाणी हळूहळू निवळतं आणि साका गोळा होतो. पॅरिसच्या प्रयोगशाळेत हलवायचं काम बाटल्यांच्या चौकटीला दिलं होतं. एकदा चौकट हलवली की दहा बाटल्या एकदम निवळत.

आता वरचं पाणी आरपार दिसतं. त्यात पातळ द्रावणाचा एक घनसेंटिमीटर सोडायचा. चांदी शिल्लक असेल तर द्रावणाच्या माथ्यावर पांढुरका ढग उठतो. ढग दिसला, म्हणजे हजारातला एक भाग चांदी आणखी निघाली. पुन्हा हलवायचं, पुन्हा निवळू द्यायचं, पुन्हा एक घनसेंटिमीटर. ढग उठायचा थांबला की शेवटचा घनसेंटिमीटर हिशेबातून वगळायचा, आणि आधीचा फक्त अर्धा धरायचा, कारण त्यातला किती भाग खरोखर लागला हे डोळ्याला कळत नाही. या तऱ्हेनं हजारी अर्ध्यापर्यंतचा कस कळतो. बाटल्यांना काळं कापड किंवा आवरण घालून उजेडापासून जपावं लागतं. त्याचं कारण पुढे येईल.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की इथे साका तोलायचाच नाही. तो गाळायचा नाही, धुवायचा नाही, वाळवायचा नाही. या प्रत्येक पायरीवर थोडा माल हातातून निसटतो, आणि गे-ल्युसॅकनं त्या पायऱ्याच काढून टाकल्या. प्रश्न एवढाच विचारला: आणखी मीठ घातल्यावर ढग उठतो का? उत्तर हो किंवा नाही. प्रयोगशाळेत हो किंवा नाही असं उत्तर देणारा प्रश्न सापडणं फार भाग्याचं असतं.

आपल्याकडच्या टांकसाळींनी मात्र निराळी वाट धरली, आणि ती ‘भारतीय टांकसाळीची पद्धत’ म्हणून परदेशी ग्रंथांतही नोंदली गेली. इथे साकाच तोलत. नमुना आम्लात विरघळवायचा, हायड्रोक्लोरिक आम्लानं चांदी खाली बसवायची, साका धुऊन, वाळवून त्याचं वजन घ्यायचं. सिल्व्हर क्लोराइडमध्ये वजनाच्या ७५ टक्क्यांहून थोडी जास्त चांदी असते, तेव्हा गुणाकार सोपा. १८३५चा कंपनी रुपया डोळ्यांसमोर आणा: वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तो अख्खा विरघळवला असता तर सुमारे १४.२ ग्रॅम पांढरा साका पडला असता, नाण्याहून जड. त्या वेळी गावोगाव सराफ रुपया दगडावर आपटून, आवाज ऐकून आणि दाताखाली धरून पारखत होते. त्यांच्या कानाला मी कमी लेखत नाही, पण हजारी अर्धा भाग त्या कानाला ऐकू येणं शक्य नव्हतं.

साका तोलायचा म्हणजे धुणं आलं, आणि धुणं आलं की आपले दोन मिलिग्रॅम आले. लिटरभर पाण्यानं साका धुतला तर तेवढा माल पाण्याबरोबर गेला. त्याहून वाईट म्हणजे निव्वळ पाण्यानं धुतलं की गुठळ्या पुन्हा फुटतात, कण सुटे होतात आणि दुधासारखे गाळणकागदातून खाली उतरतात. कणांना एकमेकांना धरून ठेवायला थोडे आयन लागतात. म्हणून धुवायच्या पाण्यात किंचित नायट्रिक आम्ल घालतात. हे आम्ल साक्याला विरघळवत नाही, त्याला फक्त एकत्र राखतं, आणि वाळवताना उडूनही जातं.

पाण्यात राहणारी चांदी कमी करायची सोपी युक्ती म्हणजे आम्ल थोडं जास्त घालणं. क्लोराइड वाढलं की चांदीला पाण्यात राहणं अवघड होतं. वाल्टर नेर्न्स्टनं १८८९मध्ये या वागण्याला गणिताचं रूप दिलं: संतृप्त द्रावणात चांदीचं प्रमाण गुणिले क्लोराइडचं प्रमाण हा गुणाकार ठरलेला असतो, एक वाढलं तर दुसरं घटलंच पाहिजे. आता कोणी म्हणेल, मग ओता की भरपूर आम्ल. तिथेच फसगत होते. क्लोराइड फार वाढलं की चांदीच्या एका आयनाला दोन-दोन, तीन-तीन क्लोराइड धरून बसतात आणि ही मंडळी पाण्यात आनंदानं विरघळतात. गाढ हायड्रोक्लोरिक आम्लात साका बऱ्यापैकी नाहीसा होतो. त्यात पाणी ओतलं की पुन्हा पांढरा होऊन खाली येतो. विरल द्रावण संपलं म्हणून गाढ आम्लाची बाटली उचलणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सर, आधी पडलं होतं, मग गेलं’ असं म्हणायची पाळी येते, आणि त्यात तो खोटं बोलत नसतो. चांदी सगळ्यात कमी उरते ती जास्तीचं क्लोराइड अगदी थोडं असताना, लिटरमागे मोलच्या हजाराव्या भागांच्या घरात. त्याच्या अलीकडेही नुकसान, पलीकडेही नुकसान.

गे-ल्युसॅकच्या बाटलीतही हेच दोन मिलिग्रॅम लपून बसले होते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या मुल्डर या रसायनशास्त्रज्ञानं १८५०च्या दशकात हे चव्हाट्यावर आणलं. त्यानं दाखवलं की एक अवस्था अशी येते, जिथे निवळलेल्या पाण्यात मिठाचा थेंब टाकला तरी ढग उठतो आणि चांदीचा थेंब टाकला तरी ढग उठतो. वरवर पाहता हे अशक्य वाटतं. चांदी संपलेली असेल तर मिठानं ढग उठू नये, आणि मीठ संपलं असेल तर चांदीनं उठू नये. पण पाण्यात विरघळलेलं सिल्व्हर क्लोराइड दोन्ही बाजूंनी खाली ढकलता येतं! म्हणजे शेवटचा बिंदू हा बिंदू नाहीच, तो एक पट्टा आहे. मिठाच्या बाजूनं आलात तर एक उत्तर, चांदीच्या बाजूनं आलात तर दुसरं, आणि खरं उत्तर दोन्हींच्या मधे, जिथे दोन्ही ढग सारखेच दिसतात. टांकसाळीला याचा उपाय सोपा होता: शुद्ध चांदीचा नमुना नेहमी शेजारी ठेवायचा आणि दोन्हींना एकाच बाजूनं भिडायचं, म्हणजे चूक दोन्हींकडे सारखी राहते.

ज्याला असं शेजारी ठेवायला काहीच नव्हतं, असा एक माणूस ब्रुसेल्समध्ये काम करत होता. ज्याँ सेर्व्हे स्टास. १८१५च्या सुमारास विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरनं सुचवलं होतं की सगळ्या मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असावेत. कल्पना मोहक होती. सगळी सृष्टी एकाच विटेची बांधलेली. स्टासही आधी तिच्या बाजूचा होता. त्यानं ठरवलं, एकदा नीट मोजून टाकू. मोजायचं कशानं? चांदीनं. चांदी शुद्ध करता येते, तोलता येते, आणि क्लोराइडच्या रूपानं जवळजवळ पूर्ण खाली बसवता येते. मग किती चांदीला किती मीठ पुरतं, किती पोटॅशियम क्लोराइड पुरतं, हे नेमकं कळलं की सोडियम, पोटॅशियम, क्लोरीन यांचे अणुभार एका साखळीत बांधता येतात.

स्टासनं एक-एक ग्रॅम नव्हे, शेकडो ग्रॅम चांदी एकेका प्रयोगात घातली. एवढ्या मोठ्या वजनात तराजूची चूक बुडून जाते. पण पाण्यात राहणारे दोन मिलिग्रॅम बुडत नाहीत, कारण चांदी वाढली की पाणीही वाढतं. त्यानं त्यांचा पिच्छा पुरवला. गुठळ्यांचा साका, भुकटीसारखा साका आणि उकळून केलेला दाणेदार साका हे पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात विरघळतात, हे त्यानं शोधून काढलं. १८६० आणि १८६५मध्ये त्याचे दोन मोठे प्रबंध आले. निकाल प्राउटच्या विरुद्ध गेला: अणुभार पूर्णांक नव्हते, आणि क्लोरीन तर साडेपस्तीसच्या आसपास हट्टानं अडून बसलं होतं. स्वतःची आवडती कल्पना स्वतःच्याच तराजूनं मोडायची, हे सोपं नाही. हाच स्टास १८६५नंतर काही वर्षं बेल्जियमच्या टांकसाळीचा आयुक्त होता, हे ऐकून आता कोणाला नवल वाटू नये.

स्टासच्या आकड्यांना चाळीस वर्षं कोणी हात लावला नाही. लावला तो हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सनं. वरचं पाणी स्वच्छ दिसतं, म्हणजे त्यात काही नाही, हे मान्य करायला तो तयार नव्हता. त्यानं १८९०च्या दशकात एक साधं यंत्र केलं: दोन नळ्या शेजारीशेजारी, बाजूनं प्रकाश, एकीत माहीत असलेल्या प्रमाणाचा धूसरपणा आणि दुसरीत तपासायचं पाणी. गाळणीतून निसटलेले, डोळ्याला वेगळे न दिसणारे कण प्रकाश विखुरतात, आणि दोन नळ्यांची तुलना करून त्यांचं प्रमाण काढता येतं. मुल्डरचा पट्टाही याच यंत्रानं काटेकोर वाचता येतो. शिवाय रिचर्ड्सनं दाखवलं की स्टासच्या ‘शुद्ध’ चांदीत ऑक्सिजनचा अंश अडकलेला होता. सोडियमचा अणुभार स्टासच्या कामावरून २३.०५ धरला जात होता. १९०५मध्ये रिचर्ड्स आणि त्याचा सहकारी वेल्स यांनी तो २३.०१ वर आणला. चांदीचा स्टासचा १०७.९३ हा आकडाही पुढे १०७.८८ पर्यंत खाली आला. आजचा मान्य आकडा १०७.८७ आहे. रसायनशास्त्राचं १९१४चं नोबेल रिचर्ड्सला मिळालं. त्या विषयात ते मिळवणारा तो पहिला अमेरिकन.

क्लोरीनच्या साडेपस्तीसचं कोडं मग केंब्रिजमध्ये सुटलं. फ्रान्सिस ॲस्टननं पहिल्या महायुद्धानंतर लगेच दाखवलं की क्लोरीनचे दोन प्रकारचे अणू असतात, ३५चे आणि ३७चे, तीनास एक अशा प्रमाणात मिसळलेले. म्हणजे प्राउट अगदीच चुकला नव्हता, आणि स्टासही बरोबर होता. चांदीच्या साक्याला ही दोन भावंडं वेगळी करता येत नाहीत. तो दोघांना सारख्याच खुशीनं खाली बसवतो.

बाटल्यांच्या काळ्या आवरणाचं कारण सांगायचं राहिलं. पांढरा साका उजेडात ठेवला की जांभळट, मग करडा आणि शेवटी जवळपास काळा होतो. कार्ल शीले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्यानं १७७७मध्ये याची तपासणी केली. त्यानं पाहिलं की जांभळ्या प्रकाशात हे सगळ्यात लवकर होतं, काळं झालेलं म्हणजे सुटी झालेली चांदी असते, आणि अमोनिया घातला की न बदललेलं क्लोराइड विरघळतं व काळी चांदी मागे राहते. १८०१मध्ये योहान रिटरनं वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे हेच क्लोराइड ठेवलं. ते तिथे जास्तच लवकर काळं झालं, आणि अतिनील किरणांचा पत्ता लागला. पुढची गोष्ट, फोटोग्राफीची, तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या काळचा छापकागद म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात मीठ मिसळून लेप दिलेला कागद, जो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा. म्हणजे आपली परीक्षानळीच, फक्त सपाट केलेली. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, इथे थांबतो.

हा अवक्षेप आज आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा कुठे पडत असेल, तर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथली विहीर खोल केली म्हणून पाणी गोडं होत नाही, आणि खारं पाणी शेतीला दिलं तर काळी जमीन कडक होते. पाणी खारं आहे हे गावाला जिभेनं कळतं, पण अहवालाला आकडा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य धरलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात.

तो आकडा अजूनही बहुतेक ठिकाणी कार्ल फ्रेडरिक मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८५०च्या दशकातल्या पद्धतीनं काढतात. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थोडे थेंब टाकून ते पिवळं करायचं, आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. चांदी आधी क्लोराइड घेते, कारण ते कमी विरघळतं. क्लोराइड संपत आलं की पहिल्या जास्तीच्या थेंबाला क्रोमेट सापडतं आणि पिवळ्यात विटकरी छटा येते. तिथे थांबायचं. गे-ल्युसॅकला डोळे ताणून ढग शोधावा लागत होता. मोरनं त्याला रंगाची घंटा बांधली.

पण इथे आम्ल चालत नाही. गुणात्मक परीक्षेत जी पायरी आपण सक्तीची केली तीच इथे घातक ठरते. पाणी आम्लधर्मी असेल तर क्रोमेटवर हायड्रोजनची पकड बसते, लाल साका पडतच नाही, आणि तपासनीस चांदी ओततच राहतो. मग क्लोराइड खऱ्यापेक्षा जास्त निघतं. नमुना फार अल्कधर्मी असेल तर चांदीच काळपट होऊन वेगळी पडते. म्हणून सामू साधारण ७ ते १० च्या दरम्यान आणायचा. आणि लाल छटा डोळ्याला दिसायला क्लोराइड नसतानाही थोडी चांदी लागतेच. तेव्हा शुद्ध पाण्यावर तोच प्रयोग आधी करायचा आणि तिथे लागलेले थेंब नमुन्याच्या आकड्यातून वजा करायचे. गोड्या पाण्यात ही वजाबाकी केली नाही तर उत्तर डोळ्यांदेखत बदलतं; खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात तितका फरक पडत नाही. तरी ती दोन्हीकडे करावी. नमुना कुठल्या विहिरीचा आहे, हे टेबलावर बसलेल्याला आधी ठाऊक नसतं.

सभागृहाबाहेर टेबलावर काही बाटल्या मांडल्या आहेत. गे-ल्युसॅकचा ढग आणि मुल्डरचे दोन ढग ज्यांना पाहायचे असतील त्यांनी पाहावेत. बाटली हलवायला मात्र दोन मिनिटं धीर धरावा लागेल. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागू देऊ नका, काळा डाग काही दिवस जात नाही. अमोनियात विरघळवलेलं चांदीचं द्रावण तसंच ठेवून देऊ नका. ते पडून राहिलं तर स्फोटक पदार्थ तयार होतो, म्हणून पाहून झालं की लगेच आम्ल घालायचं. आणि काहीही बेसिनमध्ये ओतू नका. टेबलाखाली एक बरणी ठेवली आहे, तिच्यात मिठाचं पाणी आहे. वापरलेलं सगळं तिच्यात टाका. महाविद्यालयातली मुलं महिनाअखेरीस तिच्यातून चांदी परत काढतात.